बदामाचं दूध, बावीस डिग्री

असोद्याच्या दूध सोसायटीचे चेअरमन तोताराम नाना यांना दुधातलं पाणी दिसत असे. ज्यांना दुधात नुसतं दूध दिसतं अशा माणसांची त्यांना कीव यायची. सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात, बिड्या ठेवतात. नाना डिग्रीची नळी ठेवत. काचेची नळी, आत आकड्यांची पट्टी. दुधात सोडली की ती उभी तरंगते आणि दुधाच्या रेघेपाशी जो आकडा येतो ती त्या दुधाची डिग्री. म्हशीचं चांगलं दूध तिशीला टेकतं. पाणी घातलं की नळी खोल जाते आणि आकडा उतरतो.

सोसायटीच्या कामाला ही नळी खिशात असणं समजण्यासारखं होतं. नानांनी ती मुलाच्या लग्नालाही नेली.

मुलगा भटू दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता. मुलगी, प्रमिला, धुळ्याजवळच्या कापडण्याची, दहावी पास. तिचे वडील झुलालभाऊ यांच्याकडे सहा म्हशी होत्या आणि रोज सकाळी सायकलला कॅन अडकवून ते धुळ्यात दूध घालत. अक्षता पडल्या, बँड थांबला, चहाला उशीर का होतोय हे बघायला नाना चुलाण्यापाशी गेले. तिथे मोठ्या पातेल्यात दूध तापत होतं. हात खिशाकडे गेला. तो सवयीनंच गेला असावा. निदान नाना पुढे तसं सांगत. वाफाळत्या दुधात नळी सोडली आणि आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे ते व्याह्यांवर ओरडले,

"बावीस! फक्त बावीस! याही, बाकीची आठ डिग्री कुठी ठेवली? हिरीत?"

झुलालभाऊंच्या डोक्यावरचा फेटा तसाच राहिला, चेहरा मात्र उतरला. "नाना, घरनं दूध शे. पोरीना लगीनमा मी पानी टाकसू का?"

"हे मले नका सांगू. नळीले सांगा," नाना म्हणाले, आणि चहा न घेताच वरात निघाली. निघताना त्यांनी जाहीर केलं की ज्या घरचं दूध बावीस डिग्री, त्या घराची पायरी आपली सून पुन्हा चढणार नाही.

गरम दुधात नळी खोल जाते. आकडा नेहमी कमीच दाखवते. दूध थंड करून मग डिग्री लावायची, हे दूधवाल्याच्या घरात शेंबडी पोरंही जाणतात. नवरीही जाणत होती. पण मुंडावळ्या बांधलेल्या मुलीनं सासऱ्याला दुधाचं तापमान समजावून सांगायची पद्धत आपल्याकडे नाही. आठवड्याभरात कापडण्यात झुलालभाऊंचं नाव 'बावीसभाऊ' पडलं. धुळ्यातल्या गिऱ्हाइकांच्या बायका दार उघडताना आत आवाज द्यायच्या, "अहो, बावीस आले, पातेलं द्या."

पुढची पाच वर्षं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी असोद्याच्या स्टँडवर सासुरवाशिणींची झुंबड उडे. पिशव्या, पोरं, हातावर मेंदी, बस येईपर्यंत गाणी. खानदेशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही म्हणजे ती आजारी तरी आहे, नाहीतर तिचं काहीतरी बिनसलंय, असं लोक धरून चालतात. प्रमिला ओट्यावरून ती बस जाताना बघे आणि आत येऊन भाकरी टाके. रडली नाही. ती दूधवाल्याची मुलगी होती. काय कधी नासेल याची वाट बघत बसणं तिला लहानपणापासून माहीत होतं.

सहाव्या वर्षी नानांचं पोट नासलं.

आधी वाटलं, दिवाळीचा फराळ बाधला. मग वाटलं, शेतातलं भरीत बाधलं. महिनाभरानं वाटायचंही थांबलं. नाना दिवसातून चौदा वेळा टमरेल घेऊन निघत. सोसायटीची मीटिंग सुरू झाली की ठराव वाचून होईपर्यंत चेअरमन शेतात, आणि चेअरमन परत येईपर्यंत संचालक चहाला. त्या काळात सोसायटीनं एकही चुकीचा निर्णय घेतला नाही, कारण एकही निर्णय घेतला नाही. नानांचं धोतर दोन वेढे जास्त घेऊ लागलं. वैद्य झाले, पहूरचा एक काढा झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी लिटरभर धारोष्ण दूध झालं. त्या दुधानं तर कमालच केली. चौदाचे एकोणीस झाले.

शेवटी जळगावचे डॉक्टर पुराणिक. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज बारीक, आणि रोग्याकडे न बघता कागदाकडे बघून बोलायची सवय. तपासलं, म्हणाले, "आतडी सोलून निघालीत. औषध थोडं, पथ्य जास्त. दूध बंद. गहू, ज्वारी, बाजरी, डाळी बंद. मिरची, साखर, तळलेलं बंद."

"मंग खायचं काय?" नानांनी विचारलं.

"दुधी भोपळा. गाजर. मऊ शिजवून, गाळून. काळे ठिपके पडलेलं केळं. बस."

केळ्याचे चार बिघे असलेल्या माणसाला ठिपक्यांचं केळं म्हणजे गुरांपुढे टाकायचं केळं. नाना काही बोलले नाहीत. बोलले असते, पण उठावं लागलं.

ते बाहेर गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, मंदाबाईंना, विचारलं, "घरी यांचं पथ्य कोण सांभाळणार? तुम्ही?"

"मी नाही बापा," मंदाबाई घाईनं म्हणाल्या. "हे वरडले का माह्या हातून बरणी उघडती."

डॉक्टरांनी पहिल्यांदा कागदावरून नजर उचलली. मागे डोक्यावर पदर घेतलेली सून उभी होती. "तुम्हाला लिहिता येतं?"

प्रमिलानं मान हलवली.

"मग हे तुमच्याकडे. वही घाला. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळा जाऊन आले, सगळं लिहायचं. तुमच्याशिवाय यांच्या खाण्याला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही द्याल ते, तुम्ही द्याल तेवढं." नाना आत आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाही तेच ऐकवलं, "सूनबाई म्हणतील ते. नाहीतर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

पाच वर्षं ही सून नानांपुढे एक शब्द बोलली नव्हती. तशी रीतच होती. नाना ओट्यावर, सून दाराआड आणि मध्ये मंदाबाई. "आत्या, नानांना सांगा, जेवण झालं आहे." तिनं 'झालं आहे' म्हणायला शिकून घेतलं होतं. आल्या आल्या एकदा 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' म्हणाली तेव्हा घरभर हशा पिकला होता, त्यात सगळ्यात मोठा नानांचा होता.

दुसऱ्या दिवसापासून दाराआडून दुधी यायला लागला. सकाळी दुधी, दुपारी गाजर, संध्याकाळी दुधी आणि गाजर. मीठ नखभर. केळं इतकं पिकलेलं की सालीतून बाहेर ओतावं. शेजारच्या घरी ठेचा कुटला जाई तेव्हा नाना नाक वर करून ओट्याच्या त्या टोकाला जाऊन बसत. आतून मंदाबाईंचा आवाज येई, "आवो, प्रमिला म्हनते, वासाचं पन लिहू का वहीत?"

पौषात सोसायटीच्या संचालकांनी शेतात भरीत केलं. वांगी काट्यांवर भाजली, लाकडी बडगीत कुटली, हिरव्या मिरच्यांचा हात सैल. नाना 'नुसतं बघायला' म्हणून गेले. परत आले तेव्हा प्रमिलानं काही विचारलं नाही. सकाळी दाराआड वही घेऊन बसली आणि प्रत्येक फेरीला एक उभी रेघ मारली. महिनाअखेर डॉक्टर पुराणिकांनी ते पान सगळ्या रोग्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "बारा तारीख. दुपारी 'शेतात बघायला' गेले. तेरा तारीख. सतरा वेळा. चौदा तारीख. अकरा वेळा. टमरेल बदलावं लागलं." डॉक्टर म्हणाले, "सूनबाई, इतकी स्वच्छ नोंद मी कंपाउंडरकडूनही पाहिली नाही." नानांचे कान वांग्यासारखे झाले. परतीच्या बसमध्ये त्यांनी बायकोला विचारलं, "टमरेलाचं लिहाची काय गरज होती?" मंदाबाईंनी मागच्या सीटवर विचारून सांगितलं, "म्हनते, डॉक्टरनं सगळं लिहा म्हटलं होतं."

अडीच महिने गेले. रेघा कमी होत होत दिवसाला एकीवर आल्या. शिमगा झाला आणि डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "छान. आता एक नवीन वस्तू सुरू करू. बदामाचं दूध."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. बदामाचं दूध! म्हणजे आटवलेलं, साय धरलेलं, वर बदामाचे काप, केशराची एखादी काडी. दुकानाच्या पाटीवर लिहितात ते. लग्नात देतात ते. असोद्यात, जळगावात, कुठेही कुणालाही विचारा, बदामाचं दूध म्हणजे हेच.

डॉक्टर पुढे प्रमिलाला सांगत होते आणि ती लिहून घेत होती. "आठ बदाम रात्री पाण्यात. सकाळी सोलून पाट्यावर वाटायचे, पाणी घालायचं, फडक्यातून गाळायचं. गाळून जे निघेल ते दूध. खरं दूध नाही, लक्षात आहे ना? एक थेंबही नाही. पहिल्या दिवशी एक चमचा. पोट शांत राहिलं तर तीन दिवसांनी दोन. हळूहळू वाढवत कपभर. हे पचलं की मगच पुढची वस्तू, भात, मग भाकरी. हे पचलं नाही तर पुढे काही नाही. आणि वाढवायचं कधी ते तुम्ही ठरवायचं." नाना तोवर सदरा घालून बाहेर गेले होते आणि दवाखान्याबाहेर भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाला सांगत होते, "बदाम दूध सांगलं! आपल्याले!"

प्रमिलानं ऐकलं. चूक दुरुस्त केली नाही. सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, हे तिच्या पथ्यावर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी सोसायटीचे पाचही संचालक ओट्यावर बोलावले. सुपडू सगळ्यात आधी आला. सुपडू हा संचालकांतला असा माणूस की ठरावाला हात वर करताना पण हसायचा. घरात मंदाबाईंनी दोन लिटर दूध चुलीवर ठेवलं, साखर काढली, वेलची कुटली.

प्रमिला त्या पातेल्यापुढे उभी राहिली. आठ भिजवलेले बदाम वाटीत सोलून ठेवले होते. पातेल्यातल्या दुधाला साय धरत होती. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, आणि नाना स्वतःच्या हातानं, पाच संचालकांच्या साक्षीनं, स्वतःला महिनाभर शेतात पाठवणार होते. वहीत तिची चूकही दिसली नसती. विचार वाईट नव्हता. तिनं तो नीट, दुधाला दुसरी साय धरेपर्यंत केला. मग लक्षात आलं, आजारी माणूस कापडण्याला जाऊ शकत नाही. तिला कापडण्याला जाणारा माणूस पाहिजे होता.

"आत्या, हे उतरवा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी हे नाही सांगितलं."

पाट्यावर बदाम वाटले. पाणी घातलं. मलमलच्या फडक्यातून गाळलं. कपात पांढरं, पातळ, किंचित निळसर असं काही जमलं. तिनं कपाशेजारी बशीत एक चमचा ठेवला आणि मंदाबाईंच्या हाती देण्याऐवजी स्वतःच बाहेर नेलं.

नानांनी कप बघितला. कपात चमचा घालून वर धरला, धार सोडली. चाळीस वर्षांची सवय होती, तोंडातून आपोआप निघालं,

"यात पाणी हाये!"

"बठ्ठं पानीच शे, नाना," प्रमिला म्हणाली.

पाचही संचालकांच्या माना वळल्या. एक तर सून सासऱ्याशी बोलली होती. दुसरं म्हणजे 'शे' म्हणाली होती. कुणी हसलं नाही.

"दूध नहीच हाऊ. बदाम वाटीसन पानी घालं. डॉक्टरनी सांगेल शे. एक चमचा घ्या."

सुपडूचं एवढ्यावर भागलं नसतं. त्यानं नानांच्या खिशाकडे बोट केलं. "चेअरमन, डिग्री तरी लावा. नियम तो नियम."

"थांबा," प्रमिला म्हणाली. "कोमट पाण्यात वाटलंय, अजून थंड नाही झालं. गरम दुधात नळी खोल जाते. कमी दाखवते."

सुपडूचा हात हवेतच राहिला. तो नानांकडे बघू लागला. मग बाकीचे चारही. सगळे त्या लग्नात होते. सगळ्यांना ते वाफाळतं पातेलं आठवत होतं आणि सोसायटीत रोज सकाळी दूध थंड होईपर्यंत नळी न लावणारे नानाही.

"नाना," सुपडू अगदी हळू म्हणाला, "तुम्हाले हे माहीत होतं का नव्हतं?"

या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. माहीत होतं म्हटलं, तर भरल्या मांडवात व्याह्यावर खोटा आळ घेतला. माहीत नव्हतं म्हटलं, तर चेअरमनला डिग्री लावता येत नाही. नानांनी तिसरं उत्तर शोधायला तोंड उघडलं आणि प्रमिलानं त्यात एक चमचा बदामाचं दूध घातलं.

त्या दिवशी संचालक चहा न घेता लवकर घरी गेले. त्यांना आपापल्या घरी सांगायचं होतं.

चौथ्या दिवशी चमचा आला तेव्हा नानांनी मोजलं. एकच होता.

"दोन पाह्यजे ना आज? पोट तर बरं हाये."

दाराआडून, आता मंदाबाईंना मध्ये न घालता, उत्तर आलं. "वाढवायचं कधी ते डॉक्टरांनी माझ्यावर सोडलंय."

सातव्या दिवशीही एक. दहाव्या दिवशीही एक. एक चमचा पचतो आणि पचतच राहतो. पुढे भात नाही, भाकरी नाही, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तर विषयच नाही. सकाळी दुधी, दुपारी गाजर. नाना ओरडून बघते झाले. वहीत नोंद झाली, 'आज ओरडले, पोटाला ताण.' त्यांनी दीपनगरहून भटूला बोलावून घेतलं. भटूनं वही वाचली, बायकोकडे बघितलं आणि संध्याकाळची पाळी आहे सांगून दुपारच्या गाडीनं परत गेला.

पंधराव्या दिवशी नाना दाराकडे तोंड करून म्हणाले, "तुले काय पाह्यजे ते सांग."

"मन्हा बापले कागद लिखा."

"लिहितो. आंतरदेशीय आन."

"कार्ड," प्रमिला म्हणाली.

नाना समजले. आंतरदेशीय चिकटवता येतं. कार्ड असोद्याचा पोस्टमन वाचतो, कापडण्याचा पोस्टमन वाचतो आणि वाटेत ज्याला चष्मा आहे तो प्रत्येक जण वाचतो. त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. "लिही. झुलालभाऊंस रामराम. लग्नात समजुतीचा थोडा घोटाळा झाला..."

प्रमिलानं मोठ्या, सुटसुटीत अक्षरात लिहिलं: 'झुलालभाऊंस रामराम. लग्नाच्या दिवशी दूध गरम होतं. गरम दुधाला डिग्री लावली ही माझी चूक. तुमच्या दुधात पाणी नव्हतं. तोताराम, चेअरमन.' आणि सहीसाठी कार्ड पुढे केलं.

"मी असं नाही म्हटलं."

"दुसरा चमचा हाऊ राह्यना," ती म्हणाली आणि तो बशीत ठेवला.

नानांनी सही केली. 'चेअरमन' हा शब्द खोडायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ती शाई पक्की होती.

आठव्या दिवशी कापडण्याहून कार्ड आलं. तेही कार्डच. झुलालभाऊंनी एवढंच लिहिलं होतं की कार्ड पोहोचलं, सगळ्या गावानं वाचलं, पण गाव म्हणतंय की कागदावर कुणीही लिहील. आळ चारचौघांत घेतला होता. तर नानांनी आखाजीला प्रमिलाला घेऊन स्वतः यावं आणि चारचौघांत आमच्या घरचं दूध प्यावं.

नानांचा चेहरा बदामाच्या दुधासारखा झाला. "मले दूध चालत नाही! ते माह्या जीवावर उठलं! सांग त्याले!"

"तुम्हीच सांगा," प्रमिला म्हणाली. "लोक म्हणतील, याही परत आला आणि आमच्या दुधाला नाही म्हणाला."

ती पिशवी भरत होती. बदाम, फडकं, वही, चमचा. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं हातावर मेंदी लावली होती.

तोवर नानांचा चमचा कपावर गेला होता. आखाजीच्या आदल्या दिवशी दोघं असोद्याहून जळगाव, जळगावहून धुळे, धुळ्याहून कापडणे असे तीन बसनी गेले. झुलालभाऊंच्या अंगणात सतरंजी अंथरलेली होती. लग्नातले सगळे होते: आचारी, बँडवाला, ज्यांनी नाव ठेवलं ते आणि ज्यांनी पसरवलं ते. कडुनिंबाला झोका बांधलेला होता, पण त्यावरच्या मुलीही आज उतरून उभ्या होत्या. झुलालभाऊंनी धुतलेला सदरा घातला होता. ते नानांपेक्षा पाच वर्षांनी लहान होते आणि दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. प्रमिलानं ते पाहिलं. पायांना हात लावला तेव्हा तिची बोटं तिथे थोडी जास्त रेंगाळली.

"या नाना, बठा," झुलालभाऊ म्हणाले. मग अंगणाला ऐकू जाईल असं, "प्रमिला, नानासले दूध लई ये. मोठा गिलासमा."

प्रमिला आत गेली. चुलीपाशी सकाळच्या धारेचं दूध होतं, बोटभर जाड साय धरलेलं. कोपऱ्यात तिची पिशवी. पाच आखाज्या, आणि बापाचे वाकलेले खांदे. तिनं आधी पातेल्यावरचं झाकण काढलं.

बाहेर नाना सतरंजीवर बसून होते. आत कुठली भांडी वाजतायत यावरून काही कळत होतं का ते ऐकत होते. पाट्याचा आवाज येतो का? अजून तरी नाही. साऱ्या अंगणाची नजर त्यांच्यावर आणि त्यांची दारावर. सुनेनं ठरवलं तर आज रात्री कापडण्याच्या अनोळखी शेतांत टमरेल घेऊन फिरावं लागणार होतं आणि ते वहीत लिहिलं जाणार होतं. त्या दिवशी लग्नात चहा पिऊन गुपचूप निघालो असतो तर काय बिघडलं असतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

बराच वेळ लागला. मग ती आली. पितळी ग्लास, काठोकाठ. तिनं तो नानांच्या हातात दिला आणि चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळू दिलं नाही.

नानांनी ग्लासात बघितलं. पांढरं. पातळ. कडेला निळसर झाक. साय नाही.

पाणी! पाणीच पाणी! आयुष्यात प्रथमच त्यांना दुधात पाणी बघून रडावंसं वाटलं. ते घटाघटा प्यायले.

"कसं शे?" झुलालभाऊंनी विचारलं.

नानांनी ओठ पुसले. प्रमिला समोरच उभी होती, हात पदराखाली. चाळीस वर्षं ज्यांनी सोसायटीत थेंबाथेंबाला पकडलं ते तोताराम नाना उभे राहिले आणि निव्वळ पाण्याला हात जोडून म्हणाले,

"असं दूध म्या जन्मात पिलं नाही."

"पानी?" मागून बँडवाल्यानं विचारलं.

"एक टिपूस नही," नाना म्हणाले. अहिराणीतच म्हणाले. अंगणातल्यांना ते फार आवडलं. कुणीतरी 'बावीस' म्हणायला गेलं, तर त्याला शेजारच्यानं कोपर मारलं. झुलालभाऊंनी डोळे पुसले आणि आनंदाच्या भरात हाक दिली, "आखो एक गिलास!"

"बाबा, नानासले एकच चालस," प्रमिला म्हणाली. नानांनी तिच्याकडे असं बघितलं की तसं त्यांनी आपल्या कुलदैवताकडेही कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी नानांनी परतीच्या बसची चौकशी केली.

"तुम्ही कुठे जाता?" प्रमिलानं विचारलं. "मी आखाजीचे पंधरा दिवस इथे आहे. माझ्याशिवाय तुमच्या खाण्याला कुणी हात लावायचा नाही, हे डॉक्टरांनी वहीत लिहिलंय. बघा हवं तर."

नानांनी वही बघितली. लिहिलं होतं.

मुलाचे वडील सुनेच्या माहेरी पंधरा दिवस राहिले, असं कापडण्यात पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. नाना रोज सकाळी म्हशींच्या गोठ्याशेजारी बाजेवर बसत. धारा काढून झाल्या की दूध न्यायला आलेले शेजारी एकदा तरी विचारत, "का चेअरमन, आज कसं शे?" आणि नानांना रोज उत्तर द्यावं लागे. तिसऱ्या दिवशी झुलालभाऊ त्यांना सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून धुळ्याला घेऊन गेले आणि प्रत्येक दारी ओळख करून दिली, "हे मन्हा याही. असोद्याना चेअरमन. इचारा त्यासले." अकरा दारं झाली. बाराव्या दारी नाना कुणी विचारायच्या आधीच सांगू लागले.

परत आले तेव्हा ऊन चढलं होतं, पोटात नुसतं गाजर होतं आणि कपाची वेळ टळून गेली होती. कडुनिंबाखाली मुली गात होत्या. झोक्यावर प्रमिला होती, उभी, पदर कमरेला खोचलेला. झोका एवढा उंच जात होता की ती मध्येच पानांत दिसेनाशी होई.

नाना झाडाखाली रिकामा कप घेऊन उभे राहिले. मग खाकरले.

"प्रमिला... बाई... माहं दूध."

झोका खाली आला, त्यांच्या डोक्यावरून गेला आणि पुन्हा पानांकडे निघाला.

"थांबा नाना," वरून आवाज आला. "पाच वरीसना झोका बाकी शेतस."